दोन यंत्रांवर पुढच्या कक्षेची खोली वेगवेगळी का येते?

पलासियाकर, इंदूर
माझ्या मुलीला जास्त नंबरचा चष्मा आहे. तिच्या डोळ्यात आयसीएल भिंग (नैसर्गिक भिंग न काढता डोळ्याच्या आत बसवायचे कृत्रिम भिंग) बसवता येईल का, हे पाहण्यासाठी आम्ही इंदुरात दोन ठिकाणी तपासणी करून घेतली. दोन्हीकडे यंत्राचा डोळ्याला स्पर्श झाला नाही. उजव्या डोळ्याच्या पुढच्या कक्षेची खोली, म्हणजे पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि नैसर्गिक भिंग यांच्यातील अंतर, आयओएलमास्टरने ३.४६ मिमी दिली आहे आणि पेंटाकॅमने २.९४ मिमी, पारपटलाची जाडी ५२० मायक्रॉन आहे. इतक्या महागड्या यंत्रांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक कसा पडतो, आणि कोणता आकडा ग्राह्य धरावा?

ऑप्टोमेट्रिस्ट, वडोदरा
३.४६ मधून ०.५२ वजा करून पाहावे, म्हणजे दोन्ही यंत्रे एकच डोळा सांगत आहेत हे लक्षात येईल. आयओएलमास्टर पारपटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून नैसर्गिक भिंगापर्यंतचे अंतर देतो, तर पेंटाकॅमवर ते बाहेरून किंवा आतल्या पृष्ठभागापासून, दोन्ही प्रकारे मिळते, आणि तुमच्या अहवालात बहुधा आतले छापले आहे. आयसीएलसाठी आतल्या पृष्ठभागापासूनचे अंतरच पाहतात. अमेरिकेत त्याची किमान मर्यादा ३.० मिमी आहे आणि युरोपात २.८ मिमी. म्हणजे ३.४६ वर विसंबून निश्चिंत झालात तर चुकेल. तुमची मुलगी सीमेवर आहे. उलट मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढण्याच्या हेगिस सूत्राला बाहेरून मोजलेली खोली द्यावी लागते, तेव्हा तिथे २.९४ चालणार नाही.

निवृत्त शिक्षक (संख्याशास्त्र), ग्वाल्हेर
यंत्रांची तुलना करणारे निबंध वाचताना एक पथ्य पाळावे. ‘दोन यंत्रांचा सहसंबंध ०.९५ आला’ असे दिसले की पुष्कळ जण ती अदलाबदल करण्याजोगी मानतात, आणि माझ्या मते ही घाई आहे. एक यंत्र प्रत्येक डोळ्यात नेमके अर्धा मिलिमीटर जास्त दाखवत असले तरी सहसंबंध पूर्ण १ येईल. म्हणूनच ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये सुचवलेल्या रीतीने प्रत्येक डोळ्यातील फरक काढून त्यांची सरासरी आणि त्यांच्या पसाऱ्याच्या मर्यादा पाहाव्यात. सरासरी फरक स्थिर असेल तर तो वजा करता येतो. पसाराच रुंद असेल तर कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही.

पलासियाकर, इंदूर
वजाबाकी तंतोतंत जुळली, मनःपूर्वक आभार. परंतु पारपटलाची आडवी रुंदीही एकीकडे ११.६ आणि दुसरीकडे ११.९ मिमी आहे. तिथेही असेच काही आहे का?

ऑप्टोमेट्रिस्ट, वडोदरा
नाही, तिथे वजाबाकीने सुटका नाही. पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये रेघ नसते, रंग हळूहळू बदलतो, आणि त्या पट्ट्यात कड कुठे धरायची हे प्रत्येक यंत्राची संगणकप्रणाली आपल्या पद्धतीने ठरवते. आयसीएलची लांबी या रुंदीवरून निवडतात, आणि ते मात्र १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिमी अशा चारच लांबींत मिळते, त्यामुळे ०.३ मिमीच्या फरकाने लांबी बदलू शकते. लांबी जास्त झाली तर भिंग पुढे फुगते आणि पारपटल आणि बुबुळ (डोळ्याचा रंगीत पडदा) यांच्यामधला कोन अरुंद होतो, कमी झाली तर ते नैसर्गिक भिंगाच्या फार जवळ जाते. खरे तर भिंग बुबुळामागच्या खाचेत टेकते आणि बुबुळाच्या रंगद्रव्यामुळे तिथपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. म्हणून काही शल्यविशारद अल्ट्रासाउंडने ती खाच थेट मोजतात. त्यासाठी मात्र डोळ्याला स्पर्श करावा लागतो. आणखी एक विचारतो: दोन्ही तपासण्यांपूर्वी तिने कॉन्टॅक्ट लेन्स काढून पुरेसे दिवस गेले होते का? लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, आणि तसे असेल तर वक्रतेचे आकडे कोणत्याही यंत्रावर पुन्हा घ्यावे लागतील.