‘जाती’ ही निसर्गातली गोष्ट आहे की आपली सोय?

पाखरवाट:
ज्यांच्या संकरातून प्रजननक्षम संतती होते ते एका जातीचे, हे आपण शाळेत पाठ केलं. (जाती म्हणजे स्पीशीज. हल्ली सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात, पण पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस, म्हणून मी जातीच म्हणणार.) घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३ आणि खेचर वांझ, म्हणून घोडा नि गाढव वेगळे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये रूढ केलेली ही व्याख्या ऐकायला चोख आहे, पण बहुतेक सजीवांना ती लागूच पडत नाही. जिवाणूंचं पुनरुत्पादन विभाजनाने होतं, तिथे संकर कसला तपासणार? जीवाश्मांचा तर प्रश्नच नाही. माझं स्पष्ट मत आहे की जाती ही आपण पाडलेली खणवारी आहे.

दवबिंदू:
साफ चूक. युरोपातल्या पिपिस्ट्रेल वटवाघळांचंच बघा. अंगठ्याएवढं, तपकिरी, सगळीकडे दिसणारं वटवाघूळ. पिढ्यान्‌पिढ्या एकच जाती समजली गेली. पण आवाज मोजले तेव्हा काहींची हाक ४५ किलोहर्ट्‌झच्या आसपास, काहींची ५५ च्या. १९९० च्या दशकात डीएनए तपासल्यावर दोन जाती निघाल्या. एकाच परिसरात उडतात, तरी जोड्या आपापल्यातच जमवतात. आपल्याला पत्ता लागायच्या कितीतरी आधीपासून ती वेगळी होती. खण आपण पाडले असते तर वटवाघळांनी ते कसे पाळले?

पाखरवाट:
मग कॅलिफोर्नियातल्या एन्सॅटिना सॅलमँडरचं (पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर) काय करायचं? मधल्या मोठ्या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून त्यांची साखळी दक्षिणेकडे उतरते. शेजारच्या गटांत संकर होत जातो, पण दक्षिण टोकाला दोन्ही फांद्या भेटतात तिथे क्वचितच. एकीकडचा एकरंगी, तांबूस-तपकिरी. दुसरीकडचा काळा, अंगावर नारिंगी डाग. टोकं पाहिली तर दोन जाती, साखळी पाहिली तर एक. रेघ कुठे मारू ते तुम्हीच सांगा.

दवबिंदू:
मारूच नका! तिथे एकाच्या दोन जाती होत आहेत, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत चाललंय. १८५९ मध्ये डार्विनने जे मांडलं त्यानुसार अशा मधल्या अवस्था सापडायलाच हव्यात. वाटेत असलेल्यांमुळे पोचलेले खोटे ठरत नाहीत.

माळरान:
वाद छान आहे, पण नावाचे परिणाम जिवावर बेततात हे विसरू नका. आफ्रिकी हत्ती एकच धरला जाई, तेव्हा तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ होता. २०२१ मध्ये वनहत्ती आणि माळहत्ती वेगळे मोजले, तर वनहत्ती थेट सर्वाधिक धोक्याच्या गटात गेला. सरमिसळीत त्याचे हाल दिसतच नव्हते. हे दोघे जिथे भेटतात तिथे काही ठिकाणी संकरही होतो, म्हणजे मायरवर अडून बसलो असतो तर वनहत्तीला न्याय मिळाला नसता. व्याख्या अपुरी आहे हे पाखरवाटांचं मान्य. जाती खोटी, हे अजिबात नाही.

पाखरवाट:
हत्तींबाबत हार मानतो. जिवाणूंबाबत नाही. जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, ९५ टक्के साम्य असलं की एक जाती, ही रेघ माणसाचीच.

दवबिंदू:
२०१८ मध्ये सुमारे ९०,००० जीनोम ताडून पाहिले, तेव्हा साधारण ८३ ते ९५ टक्के साम्याच्या जोड्या फारच थोड्या सापडल्या. ती दरी कुणी खणली?

पाखरवाट:
आपण कुठल्या जिवाणूंचे जीनोम वाचले त्याने! रोग करणारे आणि प्रयोगशाळेत वाढणारे, त्यांचीच तिथे गर्दी. मातीतल्या, समुद्रतळातल्या जिवाणूंचे तितक्याच संख्येने वाचा, दरी उरली तर मी धाग्याचं शीर्षक बदलेन.