शनिवारच्या पालकसभेत टॅबबद्दल काय विचारायचं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

*ए-२०२ ताई:* नमस्कार. आपल्या तिन्ही विंगमधली बरीच मुलं ज्या शाळेत आहेत तिथून आज परिपत्रक आलंय. पुढच्या वर्षी पाचवी ते आठवीला टॅब, वर्गात मोठं टच पॅनल आणि गृहपाठ अ‍ॅपवर. सोबत एका ओळीचं संमतीपत्र: "शाळेच्या सर्व डिजिटल उपक्रमांना माझी संमती आहे." सही करून पाठवायची, का आधी काही विचारायचं? शनिवारी ११ ला सभा आहे.

*ए-५०४ दादा:* ताई, त्या ओळीवर सही नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. संमती ठरावीक कामापुरती हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागं घेणंही सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, पण टॅब येणार ते त्याच काळात वापरायला. शाळांना शिकवणं आणि मुलांची सुरक्षितता यापुरती काही सूट आहे, ती अ‍ॅप कंपनीच्या जाहिरातींसाठी नाही.

*ए-५०४ दादा:* "सर्व उपक्रम" खोडून चार वेगळ्या ओळी मागा, प्रत्येकीपुढे हो/नाही. १) गृहपाठाचं अ‍ॅप, नावासकट. २) फोटो-व्हिडिओ शाळेच्या फेसबुक पानावर टाकणं. ३) टॅबवरून मुलाचं लोकेशन. ४) अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर एकच असणारा ओळख क्रमांक. अपार ऐच्छिक आहे आणि त्याचं संमतीपत्र वेगळं असतं, ते यात मिसळू देऊ नका.

*बी-२०३ काकू:* संमती नाही दिली तर पोराला वर्गात बाजूला बसवतील काय?

*ए-५०४ दादा:* काकू, तोच प्रश्न सभेत लेखी विचारायचा. "नाही" म्हणणाऱ्या मुलाला तोच गृहपाठ वहीत मिळेल, असं परिपत्रकात यायला पाहिजे. तोंडी आश्वासन जूनमध्ये कुणालाच आठवत नाही.

*सी-१०३ मॅडम:* संमती नंतरची गोष्ट. आधी हे बघा, हा निर्णय घेतला कुणी? शाळा विनाअनुदानित आहे, म्हणजे महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा लागू. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हावा लागतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून निवडतात. मुख्याध्यापक अध्यक्ष, पण उपाध्यक्ष पालकच. प्रत्येक इयत्तेचा एक पालक तिथं असतो. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं ६ महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. टॅबचं भाडं, अ‍ॅपची वर्गणी त्या प्रस्तावात दिसली पाहिजे. मागाहून "टेक्नॉलॉजी चार्ज" म्हणून वेगळी पावती फाडली तर तिथंच विचारायचं.
समितीवर आपल्यातलं कोण आहे? नावं सूचनाफलकावर असतात, नसतील तर मागायची.

*सी-३०२ भाऊ:* आमची धाकटी अनुदानित शाळेत आहे. तिथं?

*सी-१०३ मॅडम:* तिथं आणि महापालिकेच्या शाळांत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. ७५ टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेच्या विकास आराखड्यात संगणक, पॅनल येतात, तिथं बोलायचं. अनुदानित शाळेत ती समिती सल्ला देते, बंधन नाही घालू शकत. तरी लेखी सल्ला दप्तरात राहतो.

*बी-४०१ सर:* आता सामानाचं बघू. सभेच्या दिवशी हॉलमध्ये बसायच्या आधी वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसा. ६५ इंची पॅनलच्या पडद्याची उंची साधारण ८१ सेंमी. अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये असा ढोबळ नियम आहे, म्हणजे ४.९ मीटर. ७५ इंचीला ५.६ मीटर, ८६ इंचीला ६.४. वर्ग ७-८ मीटर लांब असला की ६५ इंचीवर मागच्या दोन-तीन रांगांना नुसता उजेड दिसतो. पोरगं सांगत नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवतं. पॅनल खिडकीसमोर लावलं तर चमक येते ते वेगळंच.

*बी-४०१ सर:* नेट. ७२० पिक्सेलच्या व्हिडिओला टॅबमागे सुमारे अडीच एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) लागतात. ३० टॅब एकदम चालले तर ७५. चार वर्ग एका वेळी म्हटलं की ३००. शिवाय घरगुती राउटर २०-३० उपकरणांनंतर गुदमरतो, लाईन कितीही जोरात असली तरी. म्हणून "नेट किती एमबीपीएसचं" एवढंच विचारू नका, "प्रत्येक वर्गात वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी पेटी) आहे का" ते विचारा. आणि व्हिडिओ आधी टॅबमध्ये उतरवून ठेवता येतात का तेही. दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवर सोय आहे, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. लाईट गेली की पॅनल बंद, त्यामुळं फळा आणि खडू काढू नका म्हणून आवर्जून सांगा.

*ए-२०२ ताई:* सर, टॅब आपण घेतला तर स्वस्त पडेल असं शाळेचे लोक म्हणायलेत.

*बी-४०१ सर:* मग एक प्रश्न नक्की: त्यावर शाळा कसलं नियंत्रण टाकणार? तंत्रज्ञ म्हणाला "फॅक्टरी रीसेट करून द्या", तर समजा की पूर्ण उपकरणाचा ताबा शाळेकडं जाणार. कोणती अ‍ॅप आहेत ते दिसतं, दुरून सगळं पुसताही येतं. शाळेच्या मालकीच्या टॅबवर ते ठीक आहे. आपल्या पैशानं घेतलेल्यावर, ज्यात संध्याकाळी घरचे फोटो असतात, त्यावर मान्य करू नका. तिथं वर्क प्रोफाइल मागा, शाळेचं वेगळ्या कप्प्यात राहतं.
पासवर्डसुद्धा. सगळ्या वर्गाला शाळेचं नाव आणि १२३ असा एकच पासवर्ड दिला की कुणीही कुणाचा गृहपाठ उघडतं, पुसतं. आणि पाचवीच्या पोरांना रोज टाईप करायला लावलं तर ३५ मिनिटांच्या तासातली १० त्यातच जातात. क्यूआर कार्डनं लॉगइन होतं का विचारा.

*ए-१०४ वहिनी:* बॅटरीचं कोण बघणार? मे महिन्याच्या सुट्टीनंतर फुगलेली निघते.

*बी-४०१ सर:* बरोबर वहिनी. पूर्ण उतरलेली तशीच कपाटात महिना-दीड महिना पडली की खराब होते. निम्मी चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवायची. करारात बॅटरी आणि स्क्रीनची दुरुस्ती कुणाच्या खर्चानं आणि किती दिवसांत, हे लिहून हवं. वर्गामागे दोन-तीन जादा टॅब नसतील तर ज्याचा टॅब बंद पडला ते पोरगं आठवडाभर शेजाऱ्याच्या टॅबमध्ये डोकावतं.

*ए-५०४ दादा:* अ‍ॅपचं नाव कळलं की प्ले स्टोअरवर "डेटा सुरक्षितता" उघडून बघा: काय गोळा करतात, दुसऱ्याला देतात का, खोडायला सांगता येतं का. ते कंपनीनंच भरलेलं असतं, म्हणून सेटिंग्जमध्ये परवानग्याही तपासा. गणिताच्या अ‍ॅपला संपर्कयादी कशाला लागते?

*सी-१०३ मॅडम:* माझा आग्रह चाचणीसाठी आहे. चारही इयत्ता एकदम नकोत. सातवीची एक तुकडी, एक विषय, सहा आठवडे. दुसरी तुकडी नेहमीसारखी. शेवटी दोन्हीकडं त्याच धड्यांवर कागदावर चाचणी. दर आठवड्याला दोन पालकांनी मागं बसून फक्त लिहायचं: तास कधी सुरू झाला, किती टॅब अडकले, बाईंनी किती वेळा शिकवणं थांबवलं. बाईंचे दोष नाही काढायचे, त्यांनाही प्रशिक्षण किती तास दिलं ते विचारायचं. बऱ्याचदा विक्रेता अर्धा दिवस दाखवून जातो आणि मग बाई एकट्या पडतात.
वेळेचीही मर्यादा मागा. केंद्राच्या २०२० च्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या प्रज्ञाता सूचनांत पहिली ते आठवीला ऑनलाइन वर्ग दिवसाला ३०-४५ मिनिटांचे दोनच होते. शाळा आणि घरचा गृहपाठ मिळून त्याच्या आसपास राहावं. संध्याकाळी ६ नंतर अ‍ॅपवर नवीन गृहपाठ नको.

*बी-२०३ काकू:* मला एक सांगायचंय. शनिवारी ११ ला शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले कामगार येणार कसे? त्यांच्या घरात फोन एकच, तो बापाबरोबर कारखान्यात. गृहपाठ अ‍ॅपवर आला तर पोरगं रात्री बघणार. त्यांचंच सगळ्यात जास्त अडणार आणि तेच सभेत नसणार.

*सी-१०३ मॅडम:* काकू, हा मुद्दा पत्रात पहिला घालूया. पहिली शिफ्ट सुटल्यावर, ५ वाजता दुसरी बैठक. परिपत्रक मराठीतही. आणि गृहपाठ फळ्यावर लिहून डायरीत उतरवणं चालूच ठेवायचं.

*ए-२०२ ताई:* मी आज रात्री पत्र लिहून इथं टाकते. ज्यांना सही करायची त्यांनी उद्या ७ ते ९ मध्ये पार्किंगमध्ये या.

*सी-१०३ मॅडम:* दोन प्रती काढ गं. एकीवर शाळेचा आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत आण. शुक्रवारी दुपारच्या आत दे, म्हणजे शनिवारच्या विषयपत्रिकेत घ्यायला त्यांना वेळ राहील.