तात्यांची सुतारकीची हत्यारं आणि पलटणीची माहिती – मदत हवी

कोरेगावची_नात

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा यंदा पावसाळ्यात गेले. घरात आणि गावात सगळ्यांचेच ते तात्या. वय नव्वदीला टेकलेलं. नक्की सांगता येत नाही, कारण शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि पलटणीत दुसरी. 1 मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण. नाईक म्हणून पेन्शनवर आले आणि मग हात चालेपर्यंत सुतारकी केली.

गावात त्यांच्या नावाचा फलक लावायचा घाट घातलाय. मजकूर माझ्या गळ्यात, कारण मी पुण्यात असते आणि मला मराठी टाइप करता येतं. सरपंचांना "रणांगण गाजवलेले शूरवीर" असं काहीतरी हवंय. तात्या डिसेंबर 1971 च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते हे खरं. पण त्यांच्या तोंडून मी लढाई कधी ऐकली नाही. विचारलं की गाडी होड्यांवर यायची. "तिकडची होडी बघाय पायजे. फळी फळीवर चढवत न्हाईत, कडंला कड लावत्यात. वरनं लोखंडाचे चपटे चाप, टाके घातल्यावानी. थेंब आत येत न्हाई." पलीकडच्या काठावर शत्रू, आणि हा माणूस होडीचे सांधे बघत बसलेला!

सांगण्यासारखं खरं काम पडवीत झालं. नांगर, कुळव, गाड्याची चाकं, सगळं बाभळीचं. पाभर, म्हणजे बी पेरायचं अवजार, करायची तर तात्यांनीच, असं आसपासच्या वाड्यांतले लोकही म्हणत. पाभरीचं चाडं, म्हणजे बी सोडायचा लाकडी वाडगा, कोरून झालं की नळ्या जोडून ती पडवीत उभी करायचे, खाली आजीचं लुगडं पसरायचे आणि मूठमूठ ज्वारी चाड्यात सोडायला आम्हा पोरांना बसवायचे. एका नळीखाली ढीग मोठा दिसला की मान हलवायची, पटाशी घ्यायची, भोक जरासं तासायचं, पुन्हा ज्वारी. दुपार जायची त्यात. गिऱ्हाईक म्हणायचं, चालतंय की तात्या. तात्या म्हणायचे, "तुला चालंल, रानाला दिसंल." ट्रॅक्टर आल्यावर हे काम आटलं. मग चौकटी, पाळणे, देव्हारे. ते छान करायचे, पण रमले नाहीत.

तर, नोकरीची माहिती कुठून मिळेल? आणि पेटीतली हत्यारं कशी जपू? चुलते भंगारवाल्याला विचारून आलेत.

माजी_हवालदार

राम राम ताई. मी दुसऱ्या बटालियनचा, पण जमालपूर आम्हाला शिकवलंय. 95 माउंटन ब्रिगेड उत्तरेकडून उतरली. 1 मराठा कर्नल ब्रार यांच्या हाताखाली ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या मागे गेली आणि रस्ता अडवून बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला आले, ते थेट मराठ्यांच्या अंगावर. रात्रभर हल्ले झाले, रस्ता सुटला नाही. म्हणजे तात्यांच्या होड्या त्या नदीवरच्याच असणार.

कागदपत्रांसाठी मराठा एलआयचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. डिस्चार्ज बुक किंवा पीपीओ (पेन्शनचा आदेश) शोधा. ते सापडलं नाही तर संग्राम मेडल बघा, गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक कोरलेलं असतं. भिंग लागेल. साताऱ्याचं सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहून द्यायला मदत करतं. आजी आहेत का? फलकाचं नंतर, त्यांची फॅमिली पेन्शन आधी.

कराडचा_रंधा

भंगारवाल्याला आधी हाकला.

लाकडी रंधा असेल तर पात्याची पाचर सैल करून ठेवा. ठोकलेली ठेवली की ताण बसून अंगाला चीर जाते. लाकडाला जवसाचं तेल, फडक्यानं, अगदी पातळ. गंजावर रॉकेल लावून रात्रभर ठेवा आणि नारळाच्या शेंडीनं घासा. मुठी पॉलिश पेपरनं घासू नका. बोटांच्या जागी लाकूड दबलंय ते नव्यानं मिळत नाही. आणि शोकेसमध्ये तर अजिबात नको, कुणालातरी वापरू द्या. तुम्हीच का नाही?

खरं_बोलतो

सैनिकाच्या फलकावर पाभर कशाला? लोक हसतील.

अपशिंगेकर

हसू देत. आमचं गाव मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात इथले 46 जण कामी आले, हा आकडा शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. त्यातला कोण गवंडी होता, कोण चांगली मोट हाकायचा, हे आता कुणाला विचारायचं? ताई, पाभर लिहाच.

कोरेगावची_नात

सगळ्यांचे आभार. हवालदार काका, आजी आहे. पेन्शनचे कागद कालच केले, 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर चढवायचे बाकी आहेत. पदक आजीच्या ट्रंकेत निघालं, नंबर वाचता आला, बेळगावला पत्र टाकतेय.

मजकूर असा केलाय: नाव, मग "नाईक, 1 मराठा लाइट इन्फन्ट्री, जमालपूर 1971", त्याखाली "पाभरीचे सुतार". सरपंच म्हणतात शेवटची ओळ बारीक अक्षरात घ्या. मी म्हटलं, एकाच मापाची तिन्ही. बघू.

रंधा दादा, पाचर सैल केली. वाकसाचा, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचा, दांडा हलतोय. आजी म्हणते पाण्यात बुडवून ठेव. ठेवू का?

कराडचा_रंधा

नको. फुगून बसतो, वाळला की दुप्पट हलतो. वाळक्या बाभळीची बारीक पाचर वरून मारा. जमलं नाही तर कराडला घेऊन या, दांडा तोच ठेवू.