नववीच्या वर्गात बोकडाचा भेजा दाखवायचाय: अख्खा कसा काढायचा, आणि माणसाच्या मेंदूशी कुठवर जुळतो?

विज्ञान_पलूस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा आहे. नववीला मेंदू येतो. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावं मुलं आकृतीवर अचूक लिहितात. पण मेंदूच्या आत पोकळ्या कुठं असतात, मस्तिष्कपुच्छ संपून मेरुरज्जू कुठून सुरू होतो, असं विचारलं की सगळी गप्प. म्हणून मटणाच्या दुकानातून भेजा आणून दाखवावा म्हणतोय. कापणार मी, मुलं फक्त बघणार. ज्याला बघायचं नाही त्याच्यावर सक्ती नाही.

अडचण अशी की दुकानातला भेजा नेहमी चेंबलेला येतो. ताज्याला सुरी लावली तर चिखल होतो. फॉर्मॅलिन शाळेत आणावं का, हेही कळत नाही. आणि मुख्य म्हणजे, बोकडाचा मेंदू समोर ठेवून माणसाचा शिकवताना कुठली गोष्ट चुकीची सांगितली जाईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

शरीररचना_मिरज

सर, सुरुवात खाटकापासून करा. आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा आणि मागताना "अख्खी मुंडी, न फोडता" असं म्हणा. नुसतं "भेजा द्या" म्हटलं की मुंडी ओंडक्यावर ठेवून सत्तूर बरोबर मधोमध बसतो. दोन्ही अर्धगोल चेंबतात, हाडाच्या कपच्या आत रुततात. रविवारी सकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत तो तुमचं ऐकणार नाही, बुधवार किंवा शुक्रवार बघा. कातडं सोलून, शिंगं मुळाशी कापून, खालचा जबडा आणि जीभ काढून घ्या. मान पहिल्या मणक्यापाशी सुटलेली हवी, म्हणजे कवटीच्या मागचं मोठं छिद्र उघडं दिसतं. मेरुरज्जू बाहेर पडतो तो इथूनच. या छिद्राच्या वर मस्तिष्कपुच्छ, खाली मेरुरज्जू. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर मुलांना इथं बोट ठेवून दाखवता येईल.

कापायला लोखंड कापायची हॅकसॉ पुरते, पातं मात्र नवं घाला. दोन्ही डोळ्यांच्या खोबणींच्या मागच्या कडा जोडणारी आडवी रेघ मार्करने काढा, तो पहिला काप. मागच्या छिद्राच्या दोन्ही अंगांना गुळगुळीत उंचवटे दिसतील. त्यांच्या आतल्या कडेपासून निघून आडव्या रेघेच्या टोकांना मिळणारे आणखी दोन काप घ्या. कपाळावर पातं मध्येच पोकळीत घुसल्यासारखं वाटेल. मेंदू लागला असं समजून थांबू नका. तो हाडातला हवेचा कप्पा, म्हणजे सायनस. बोकडात तो शिंगाच्या मुळाकडे पसरलेला असतो आणि त्याच्या तळाला हाडाचा आणखी एक पापुद्रा असतो. बाजूचं हाड पातळ आहे, तिथं हात हलका ठेवा. करवत कुठंच आरपार नेऊ नका. शेवटचा पापुद्रा कापात छिन्नी फिरवून तडकवायचा.

झाकण उचलताना आतून पांढरा चिवट पडदा चिकटलेला दिसेल. हा ड्युरा, मेंदूच्या तीन आवरणांतलं सगळ्यात बाहेरचं. बारीक कात्रीने तो कापा. त्याची एक घडी दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत उभी उतरते. दुसरी मोठ्या मेंदूच्या (प्रमस्तिष्क) आणि लहान मेंदूच्या (अनुमस्तिष्क) मध्ये आडवी असते. ही आडवी घडी कापायची राहिली आणि मेंदू ओढला, तर लहान मेंदू देठापासून तुटून मागेच राहतो. मेंदू सगळ्यात जास्त इथंच वाया जातात.

आता मुंडी उलटी, नाक वर करून पाणी भरलेल्या भांड्यावर धरा. मेंदू स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. मागच्या बाजूने सुरुवात करा आणि चमच्याच्या दांड्याने एकेक चेता तोडत पुढं या. शेवटी राहतात वासाचे दोन गोलक. ते हाडाच्या खळग्यात घट्ट बसलेले असतात. ओढले की तुटतात, म्हणून दांडा खालून घालून खरवडून सोडवा.

फॉर्मॅलिन शाळेत आणू नका. कॉलेजात बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं द्रावण करतात. मेंदूच्या दहापट द्रावणात, तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून दोऱ्याने टांगून, दोन आठवडे ठेवतात. पण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते आणि फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. वर्गात पंचेचाळीस पोरं आणि खिडक्या दोन, अशा ठिकाणी ते नकोच. त्याऐवजी एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं मेंदू गरम करा. खळाखळा उकळी फुटू द्यायची नाही. मग थंड करून दोन-तीन तास फ्रिजमध्ये. प्रथिनं गोठतात आणि सुरी स्वच्छ चालते. तोटा एवढाच की बाहेरचा करडा आणि आतला पांढरा भाग यांतला रंगाचा फरक फिकट होतो. डीप फ्रीझमध्ये मात्र चुकूनही ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर हातात लगदा येतो.

काप घेताना लांब, पातळ पात्याची सुरी ओली करून एकाच ओढीत चालवा. दोन मेंदू आणलेत तर उत्तम, एक उभा मधोमध कापायचा आणि एक अख्खा ठेवायचा.

---

कराड_न्यूरो

वरच्या उत्तराला अनुमोदन. मी फक्त साम्य-फरकावर लिहितो, कारण चुकीचं शिकवलं जातं ते तिथंच.

सगळ्यात मोठा फरक मांडणीचा. बोकड चार पायांवर चालतो, त्यामुळे त्याचा मोठा मेंदू, मस्तिष्कस्तंभ (मोठ्या मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा देठ, मस्तिष्कपुच्छ हा त्याचाच खालचा भाग) आणि मेरुरज्जू जवळजवळ एका आडव्या रेषेत असतात. माणसात मस्तिष्कस्तंभ खाली वळतो आणि मोठा मेंदू त्याच्यावर पुढं-मागं पसरतो. म्हणून बोकडात लहान मेंदू मोठ्याच्या मागे उघडा दिसतो आणि माणसात तो मोठ्याच्या मागच्या भागाखाली झाकला जातो. फळ्यावर दोन्ही आकृत्या शेजारी-शेजारी काढा. नाहीतर मुलं माणसाच्या आकृतीत लहान मेंदू पाठीमागे टांगतील.

दुसरा फरक वासाचा. बोकडाचे घ्राण-गोलक ठळक, माणसाचे बारीक आणि कपाळाच्या भागाखाली दडलेले. उलट माणसात कपाळामागचा भाग, म्हणजे योजना आखणं आणि आवर घालणं ज्याच्याकडे आहे तो, प्रचंड वाढलेला. बोकडाचा मेंदू साधारण सव्वाशे ग्रॅमचा, माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅम. माणसात हे वजन शरीराच्या अवघं दोन टक्के, पण विश्रांतीत शरीर वापरतं त्यातला सुमारे वीस टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. काही मिनिटं रक्तपुरवठा तुटला की पेशी मरायला लागतात, ते यामुळेच.

तरी साम्य भरपूर आहे. मेंदू उलटा करून खालची बाजू बघा. मध्यावर दृष्टिचेतांची फुली स्पष्ट दिसेल. तिच्या लगेच मागे एक बारीक भोक किंवा चीर असते. मुलं ओरडतील, "सर, इथं फाटलंय!" फाटलेलं नाही. पियुषिका ग्रंथीचा देठ तिथं तुटलेला असतो. ग्रंथी हाडाच्या खळग्यात, ड्युराखाली, कवटीच्या तळालाच राहते. चिमट्याने ती तिथून काढून दाखवा. ते भोक आत तिसऱ्या पोकळीत उघडतं. त्याच्या मागचा पांढरा उंचवटा बोकडात एकच दिसतो, माणसात दोन असतात.

मग लहान मेंदू अंगठ्याने हळूच मागे दाबा. खाली चार टेकड्या दिसतील. पुढच्या दोन पाहण्याशी संबंधित, मागच्या दोन ऐकण्याशी. बोकडात पुढच्या बऱ्याच मोठ्या असतात. त्यांच्या पुढ्यात मधोमध पिनियल ग्रंथी असते.

उभ्या कापावर वेळ द्या. वर पांढरी, वाकलेली जाड पट्टी दिसते. ती दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या तंतूंची. तिच्याखाली पातळ पडदा आणि त्यापलीकडे बाजूची पोकळी. अशा बाजूच्या पोकळ्या दोन, मग मध्ये तिसरी, आणि लहान मेंदूच्या पुढ्यात चौथी. पोकळीत लालसर झालरीसारखं काही दिसलं तर ते फेकू नका. मेंदूतलं पाणी प्रामुख्याने त्यातूनच पाझरतं. माणसात एका वेळी हे पाणी १५० मिलिलिटरच्या आसपास असतं आणि दिवसाला अर्धा लिटरभर नवं तयार होतं, म्हणजे रोज तीनेक वेळा बदलतं. लहान मेंदूच्या कापात पांढऱ्या तंतूंचं फांद्या फुटलेलं झाड दिसेल, त्याचा फोटो काढून ठेवा.

बारा जोड्या चेता मोजून दाखवायचा हट्ट मात्र धरू नका. काढताना बहुतेक मुळाशी तुटतात. दृष्टिचेता आणि चेहऱ्याच्या संवेदनेची जाड पाचवी चेता, एवढ्या खात्रीने दाखवता येतात.

---

विज्ञान_पलूस

दोघांचेही आभार, इतकं नेमकं पुस्तकात मिळालं नसतं. एक विचारू का? ड्युरा हाडाला आतून चिकटलेला असतो म्हणालात. माणसातही तसंच का? हायवे जवळ असल्याने मुलांचा ठरलेला प्रश्न असतो की डोक्याला मार लागला तर रक्त आत नेमकं कुठं साठतं.

---

सीटी_कन्सोल_सांगली

माणसातही तसंच, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चिकटण्यातच आहे. पण बाहेरून आत जाऊ या.

डोक्याच्या कातडीला पाच थर. त्वचा, तिच्याखाली घट्ट तंतूंचा थर, मग चिवट पटल, मग सैल ऊतक आणि शेवटी हाडावरचं आवरण. रक्तवाहिन्या दुसऱ्या थरात तंतूंनी धरून ठेवलेल्या असतात. कापल्या की आकसत नाहीत, म्हणून डोक्याची एवढीशी जखमही भळाभळा वाहते. स्वच्छ कापडाने थेट दाबून धरायचं. हाड खचल्याचं हाताला लागत असेल तर मात्र त्यावर दाब नको, भोवतीने कापड गुंडाळायचं. चौथा थर सैल असल्याने तिथं साठलेलं रक्त पुढं सरकत पापण्यांत उतरतं. कपाळाला लागलं आणि दुसऱ्या दिवशी डोळे काळेनिळे झाले, त्याचं हे एक कारण.

कवटीची हाडं बावीस. आठ मेंदूभोवतीची, चौदा चेहऱ्याची. तान्ह्या बाळात ती पूर्ण जुळलेली नसतात. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच. मोठ्या माणसात सगळ्यात कच्ची जागा कानशील. चार हाडं तिथं जुळतात, हाड पातळ असतं आणि आतून ड्युराची मुख्य धमनी हाडावर खाच पाडून गेलेली असते. हाड तडकलं की ही धमनी फाटू शकते. मग रक्त हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये साठतं, धमनीचा जोर असल्याने वेगाने. ड्युरा हाडांच्या शिवणींवर, म्हणजे दोन हाडं जुळतात त्या रेषांवर, पक्का चिकटलेला, त्यामुळे रक्त सहसा शिवण ओलांडत नाही आणि सीटीवर भिंगासारखा फुगलेला पांढरा डाग दिसतो. रुग्ण आधी बेशुद्ध पडतो, मग शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि काही तासांत पुन्हा ढासळतो, असं यात होऊ शकतं. "बोलतोय की, घरी न्या" हा सल्ला जीव घेतो तो इथं.

दुसरा प्रकार ड्युराच्या आतला. मेंदूच्या पृष्ठभागाकडून ड्युरातल्या मोठ्या शिरांकडे बारीक शिरा जातात. झटक्याने मेंदू हलला की त्या ताणून तुटतात. रक्त ड्युराच्या आतून पसरतं, शिवणी आड येत नाहीत, डाग चंद्रकोरीसारखा दिसतो. वय झाल्यावर मेंदू आक्रसतो आणि या शिरा आधीच ताणलेल्या असतात. म्हणून न्हाणीघरात घसरलेल्या आजोबांना, त्यातून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, दोन-तीन आठवड्यांनी गोंधळ, तोल जाणं, एका बाजूची अशक्तता सुरू होऊ शकते. पडल्याचं तोवर घरात कुणाच्या लक्षातही नसतं. अशा जुन्या रक्ताचा रंग सीटीवर पांढरा न राहता करडा किंवा काळपट होतो.

रक्त थोडं असूनही धोका का? कवटी ताणत नाही. आतल्या जागेत साधारण ऐंशी टक्के मेंदू, उरलेल्यात रक्त आणि पाणी. नवं रक्त साठलं की आधी पाणी आणि शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं. ती सोय संपली की दाब एकदम चढतो. मग कानशिलामागचा मेंदूचा भाग वर सांगितलेल्या आडव्या घडीच्या कडेवरून खाली घुसतो आणि तिथून जाणारी तिसरी चेता दाबतो. त्या बाजूची बाहुली मोठी होते. सर, ती घडी कापताना मुलांना तिची कडा नक्की दाखवा.

मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, झटका (फिट), बाहुल्या लहान-मोठ्या, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यातलं एक जरी दिसलं तरी सीटी असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. नाकात बोळा कोंबू नका. मान हलवू नका.

---

शरीररचना_मिरज

एक राहिलं. गरम न केलेला एक मेंदू ताटात ठेवलात तर स्वतःच्या वजनाने पसरेल. तोच लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ठेवा. तळाला टेकेल, पण आकार धरून राहील. डोक्यातल्या पाण्याचं काम मुलांना यातून दिसेल. माणसाचा चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्या पाण्यात पन्नासेक ग्रॅमइतकाच भरतो.

हातमोजे घाला, हाड कापताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, कपच्या उडतात. झाल्यावर टेबल साबणाने धुऊन ब्लिचिंगच्या पाण्याने पुसा. उरलेलं सगळं शाळेमागं उघड्यावर टाकू नका, कुत्री उकरतात. दीड-दोन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. आणि मिठाच्या पाण्यात शिजलेला भेजा बघून मागच्या बाकावरून "सर, वाया कशाला घालवायचा?" असं येणारच. हॅकसॉ, छिन्नी आणि प्रयोगशाळेची भांडी लागलेला तो मेंदू कुणालाही खायला देऊ नका.