दारातलं अनोळखी झाड : तुम्ही कसं ओळखलंत?

गेल्या जूनमधली गोष्ट. सोसायटीत पाण्याच्या टाकीमागून मेलेल्या उंदरासारखा वास यायला लागला. वॉचमनकाकांनी गटाराची झाकणं उघडून पाहिली, सेक्रेटरींनी ब्लीचिंग पावडर टाकायला लावली, वास हटेना. भिंतीच्या कडेला पालापाचोळ्यातून काहीतरी वर आलेलं मला दिसलं. मेंदूसारखा सुरकुतलेला काळपट जांभळा गोळा आणि त्याच्याभोवती झालरीची कॉलर. पानाचा पत्ता नाही. मी उभ्या उभ्या वरून एक फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "अळंबी आहे, विषारी असते" इथपासून "कुणीतरी करणी केलीये" इथपर्यंत उत्तरं आली. ॲपनेही अळंबीच सांगितली. त्याची तरी काय चूक? ते बटणाएवढं आहे की बादलीएवढं, हे माझ्या फोटोवरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

मग शेजारी चप्पल काढून ठेवली, खाली बसले आणि बाजूने फोटो घेतला. तो दाखवला आमच्या भाजीवाल्या मावशींना. त्या शहापूरकडच्या, त्या दिवशी टोपलीत शेवळं घेऊन आलेल्या. फोटो बघून हसायलाच लागल्या. "सुरण फुललाय गं तुमच्याकडं. शेवळाचा मोठा भाऊ." सुरणाचं फूल आधी येतं, पान मागाहून. वास असतो तो माश्या-भुंगेऱ्यांना बोलवायला. कधीतरी कुणीतरी डोळ्यासकट सुरणाचा तुकडा कचऱ्यात फेकला असणार.

तर तुमच्या आसपास असं काय उगवलं, फोटोत काय चुकलं, नाव शेवटी कुणी सांगितलं, ते लिहा. फसलेले किस्से आधी.

न्यू जर्सीहून

आई उन्हाळ्यात इथे आली होती. कुंपणाकडेला माणसाच्या उंचीचं झुडूप, लालबुंद देठ, काळ्याजांभळ्या फळांचे घोस. आई म्हणाली, "दारात मायाळू असताना तुम्ही पालक विकत आणता?" मी ऑफिसच्या कॉलवरून उठेपर्यंत पंधरा-वीस पानं खुडून झाली होती आणि बेसन भिजवलेलं होतं.

मलाही मायाळूच वाटला. फळ चुरडलं की बोटं तशीच जांभळी होतात. फोटो काढून फोनवर शोधला तो केवळ आईला इथलं नाव सांगावं म्हणून. उत्तर आलं, पोकवीड. मुळापासून फळापर्यंत विषारी. आई ऐकेना. "तुमच्या फोनला काय कळतंय मायाळूतलं!" मग आम्ही दोघी परत कुंपणापाशी गेलो. मायाळू ही वेल, काहीतरी धरून चढणार. हे आपलं स्वतःच्या खोडावर ताठ उभं. मायाळूची फळं पानांच्या बगलेत छोट्या दांड्यांना चिकटून येतात, इथे द्राक्षांसारखे लोंबते घोस. शेवटी आईनेच एक पान मोडून बोटांत चोळलं. मायाळूचा तो गर, तो बुळबुळीतपणा नव्हता. काही न बोलता तिने हात धुतले, दोनदा. भजी कांद्याची झाली.

मिरजेहून

आमच्या आंब्याच्या एकाच फांदीला वेगळी जाड पानं आणि नळीसारखी केशरी फुलं आली. मी "आंब्याला दुर्मिळ फुलोरा" असं लिहून नातेवाइकांत फोटो फिरवला. गावाकडून काकांचा एका शब्दाचा निरोप आला, "बांडगूळ." फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि ते तिथेच रुजतं म्हणे. आयुष्यभर शिवी म्हणून वापरलेला शब्द, झाड पहिल्यांदाच पाहिलं!

चंद्रपूरकडून

माझा अनुभव जरा कडू आहे. आमच्या गावाबाहेर बांधावर एक पळस आहे, फुलं पिवळीधमक. बाकी शिवार केशरी पेटलेलं आणि हा एकटा हळदीसारखा. फेब्रुवारीअखेरीस मी छान उजेडात फोटो काढले आणि उत्साहाच्या भरात गाव, रस्ता, कुठल्या वळणावर, सगळं लिहून टाकलं. पिवळ्या-पांढऱ्या पळसाच्या नावाने गुप्तधनाच्या आणि तंत्रमंत्राच्या किती गोष्टी फिरतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आठ दिवसांत झाडाखाली लिंबू-नारळ पडले. पंधरा दिवसांनी गेलो तर कमरेच्या उंचीपर्यंत साल सोललेली. ज्यांचा बांध त्या आजोबांनी मला एवढंच विचारलं, "फोटो काढायला तूच आलता न बे?"

झाड जगलं, एक बाजू वाळली. आता मी तालुक्याचं नावसुद्धा लिहीत नाही. इथे नवीन लिहिणाऱ्यांनी फोनमधलं लोकेशन आधी बंद करा, मग कौतुक करा.

कोथरूडहून

आमच्या ब्रह्मकमळाला एका रात्रीत चौदा फुलं आली! ओळखायचं काही नाही, पण फोटो टाकू का?

पुण्याहूनच, निवृत्त शिक्षक

जरूर टाका. फक्त तो निवडुंग आहे, मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, कुंडीत यायचं नाही.

वरचे किस्से वाचून राहवलं नाही म्हणून थोडं मास्तरकीचं लिहितो. मला रोज कुणी ना कुणी फोटो पाठवून नाव विचारतं आणि दहातल्या नऊ फोटोंत फक्त फूल असतं, तेही वरून. पांढरा कुडा आणि काळा कुडा घ्या. दोघांना पांढरी फुलं, दोघांची पानं समोरासमोर, दोघांना चीक, दोघांच्या शेंगा लांब आणि जोडीने. लांबून काढलेल्या फोटोवरून मीही शपथेवर सांगणार नाही. पण फूल जवळून दाखवा: काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालर असते, पांढऱ्याच्या नसते. शेंगा दाखवा: काळ्याच्या जोडशेंगांची टोकं पिकेपर्यंत एकमेकींना चिकटलेली, पांढऱ्याच्या सुट्या. एवढ्यावर निकाल लागतो. म्हणून पान फांदीला कसं जोडलंय ते, पानाची पाठ, फुलाची बाजू आणि मागचा भाग, खोड, फळ असेल तर फळ, आणि मोजमापाला एखादं नाणं. चीक किंवा वास फोटोत येत नाही, तो लिहून कळवा. चव मात्र घेऊ नका, न्यू जर्सीच्या आजींना नमस्कार सांगा.

अगदीच अडलं तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. वाळवलेल्या नमुन्याशी ताडून पाहण्याची मजा ॲपमध्ये नाही.

रत्नागिरीहून

नाणं म्हणालात म्हणून. आमच्या घरामागच्या सड्यावर ऑगस्टमध्ये जी फुलं येतात त्यांच्याशेजारी नाणं ठेवलं तर फूल दिसेनासं होतं! निळी-जांभळी सीतेची आसवं. मोबाईल हटकून मागच्या गवतावर फोकस करतो. शेवटी फुलामागे माझा काळा रेनकोट धरला बायकोने, आणि मी फोनला प्लॅस्टिकची पिशवी बांधून कातळावर पालथा. वरून पाऊस. गुरं घेऊन चाललेल्या एकाने लांबून हाक मारली, "चक्कर इली काय हो?"

त्या फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी लाल चमकत होतं, ते घरी मोठं करून पाहिलं तर दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोपटं निघालं. पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि एका थेंबात मच्छर अडकलेला. सीतेची आसवंही कमी नाहीत, त्यांच्या जमिनीतल्या इवल्याशा पिशव्या पाण्यातले बारीक जीव ओढून घेतात. कातळावर माती नावालाच, मग पोटापाण्याचं असं बघावं लागतं. बावीस वर्षं त्या जागेला आम्ही "मागचा पडीक" म्हणत आलो.

धागा सुरू करणारी

ताजी खबर. सुरणाला पान आलं. एकच, पण छत्रीएवढं, दांड्यावर पांढरट ठिपके. वॉचमनकाकांनी भोवती विटांचं आळं केलंय आणि ब्लीचिंगवाले सेक्रेटरी पाहुण्यांना नेऊन दाखवतात. सर, पुढच्या वर्षी फूल येईल का?

निवृत्त शिक्षक

कंद जोमदार राहिला तर येईलही. दिवाळीच्या सुमाराला पान पिवळं पडून लोळेल, तेव्हा मेलं म्हणून उपटू नका. आणि सोसायटीत कुणी सुरणाचे काप आवडीने खाणारं असेल तर जागा त्यांना सांगू नका.