होंडा २५० आर : फ्रेमच्या वजनाआधी इंजिन आणि मागचे सस्पेन्शन ठरवावे

१९८६ ते १९८९ या काळातील होंडा टीआरएक्स २५० आर या चारचाकी रेसिंग एटीव्हीसाठी (खडबडीत रस्त्यांवर चालवायची गाडी) होंडाऐवजी दुसऱ्या उत्पादकाची फ्रेम घेताना सर्वांत हलकी कोणती, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. मूळ गाडीत मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) लिंकेजवर, म्हणजे जोडदांड्यांच्या रचनेवर बसतो, तर बाजारातील अनेक रेसिंग फ्रेममध्ये लिंकेज काढून तो थेट स्विंगआर्मला (मागचे चाक धरणारी हलती भुजा) जोडलेला असतो, त्यामुळे अशी फ्रेम घेतली की जुना शॉक निरुपयोगी ठरतो आणि खर्चाचे गणितच बदलते. टू-स्ट्रोकऐवजी ४५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवायचे असेल, तर त्याच इंजिनाचे माउंट (इंजिन बसवण्याचे आधार) असलेली फ्रेम घ्यावी. माउंट कापून पुन्हा वेल्डिंग करणाऱ्यांची चेनची रेषा चुकू शकते.

क्रोमोलीबद्दलही (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद) थोडा गैरसमज दिसतो. ४१३० या प्रकारच्या क्रोमोलीचा ताठरपणा साध्या पोलादाइतकाच असतो. ताकद जास्त असल्यामुळे नळी पातळ वापरता येते, एवढाच त्याचा फायदा. वाळूच्या टेकड्यांपेक्षा मोटोक्रॉसच्या उड्या मारायच्या असतील, तर स्टीअरिंग आणि ए-आर्मच्या (पुढची चाके फ्रेमला जोडणाऱ्या भुजा) जोडांपाशी गसेट, म्हणजे मजबुतीच्या पट्ट्या असलेली, किंचित जड फ्रेमच मी निवडेन. पावडर कोटिंग (भट्टीत पक्का होणारा रंगाचा थर) मात्र सगळे भाग एकदा तात्पुरते जुळवून पाहिल्यावरच करावे.