डोअरबेल कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं दार येतंय, कायदेशीर अडचण होईल का?

प्रश्न: स्मार्ट डोअरबेलच्या चौकटीत समोरच्यांचं दार आणि जिना दोन्ही येतात, आवाजही रेकॉर्ड होतो. त्यांनी हरकत घेतली आहे. कॅमेरा काढावाच लागेल का?

उत्तर १: सहसा नाही, पण सेटिंग आजच बदला. अ‍ॅपमध्ये ‘प्रायव्हसी झोन’ असेल तर त्यांच्या दारावर तो ओढा, तेवढा भाग काळा होतो. ‘मोशन झोन’ने भागत नाही. रेकॉर्डिंग कधी सुरू व्हावं एवढंच त्यानं ठरतं. एकदा सुरू झालं की पूर्ण चौकट टिपली जाते. घरचा कॅमेरा सार्वजनिक जागा टिपत असेल तर डेटा संरक्षण कायद्यातली ‘घरगुती वापर’ ही सूट मिळत नाही, असं युरोपियन युनियनच्या न्यायालयानं २०१४ मध्येच सांगितलंय.

उत्तर २: खरी गोम आवाजात आहे. ज्या संभाषणात आपण नाही ते टिपणं अनेक देशांत थेट गुन्हा ठरतो. मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा.

प्रश्नकर्ता: आणि जुन्या क्लिप?

उत्तर १: झोन मागच्या क्लिपना लागू होत नाही. पण तक्रार दाखल झाली असेल तर पुसू नका, पुरावा नष्ट केल्याचा ठपका येईल. वकिलांना विचारूनच हात लावा.